दारातला नळ आणि राष्ट्रपतींचं भाषण

ताई, नमस्कार.

मी माण तालुक्यातल्या एका वाडीवर राहते. प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झाले. ३१ जानेवारी २०२५ ला राष्ट्रपतींचं भाषण पूर्ण ऐकलं. दरवर्षीच ऐकते. आमचे हे होते तेव्हा आम्ही दोघं रेडिओपाशी बसायचो, आता मी एकटी टीव्हीसमोर बसते. द्रौपदी मुर्मू बोलायला उभ्या राहिल्या की मला फार बरं वाटतं. त्याही शिक्षिका होत्या.

यंदा त्यांनी सांगितलं की कोट्यवधी घरांत नळानं पाणी पोहोचलं. "मेरी सरकार" म्हणाल्या. माझ्याही दारात नळ आहे. बसवून दोन वर्षं झाली. पहिले तीन-चार महिने आठवड्यातून दोनदा पाणी आलं, नंतर थेंब नाही. त्या पाइपाला आम्ही करडू बांधतो. सून अजून विहिरीवरून घागरी आणते आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघते.

त्याच रात्री मी राष्ट्रपतींना चार पानी पत्र लिहिलं. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, आदिवासी घरातली बाई त्या खुर्चीवर बसली त्याचं कौतुक करायचं सोडून तुम्ही नळाचं रडगाणं काय काढता?" पुतण्या सत्तेतल्या पक्षाचं काम करतो. त्याने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की काकूला कुणीतरी भरवलंय. मुलगा पुण्यात असतो. तो म्हणाला, "आई, ती भाषणं कुणी मनावर घेत नाही, तू एकटीच ऐकतेस."

या तिघांचं मी सोसेन. पण ज्या बाईचा मला अभिमान वाटतो तिलाच मी खोटं ठरवलं की काय, या विचाराने झोप लागत नाही. पत्र पाठवू की फाडून टाकू?

— एक बाई, जि. सातारा

बाई,

गावात तुम्हाला सगळे बाईच म्हणत असणार, म्हणून मीही तेच म्हणते. पत्र फाडू नका. आहे तसं पाठवूही नका. त्या चार पानांत दोन पत्रं एकमेकांत मिसळली असणार, आणि त्यांतलं जास्त महत्त्वाचं पत्र दिल्लीचं नाहीच. ते कुठे न्यायचं ते पुढे सांगते. आधी तुमच्या झोपेचं बघू.

तुम्ही मुर्मूताईंना खोटं ठरवलेलं नाही. त्या "मेरी सरकार" म्हणाल्या आणि तुम्ही ते "मेरी" त्यांचं स्वतःचं धरलंत, इथे घोटाळा झाला. संविधानाच्या कलम ८७ नुसार दरवर्षी पहिल्या अधिवेशनाच्या सुरुवातीला, आणि लोकसभा निवडणुकीनंतरच्या पहिल्या अधिवेशनातही, राष्ट्रपती दोन्ही सभागृहांपुढे अभिभाषण करतात. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीआधी तर ते प्रत्येक अधिवेशनाला करायचं होतं. पण मजकूर सरकारचा असतो. खाती आपापल्या कामाचा तपशील पाठवतात, पंतप्रधान कार्यालयात त्याची जुळणी होते, मंत्रिमंडळ मान्यता देतं आणि मग तो कागद राष्ट्रपतींच्या हाती येतो. कलम ७४ प्रमाणे त्यांना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागायचं असतं. संसदेने मंजूर केलेलं विधेयक त्या एकदा फेरविचारासाठी परत धाडू शकतात. झारखंडच्या राज्यपाल असताना मुर्मूताईंनी २०१७ मध्ये आदिवासींच्या जमिनीच्या कायद्यांमधल्या दुरुस्त्या अशाच परत पाठवल्या होत्या, आणि तेव्हा राज्यात सरकार त्यांच्याच आधीच्या पक्षाचं होतं. अभिभाषणाच्या बाबतीत मात्र ती सोय नाही. १९६९ मध्ये पश्चिम बंगालचे राज्यपाल धर्मवीर यांनी विधानसभेतल्या अभिभाषणातले दोन परिच्छेद वाचायचे गाळले, तर तेवढ्यावरून केवढा वाद झाला.

अमेरिकेतलं असंच वार्षिक भाषण आपल्याकडच्या बातम्यांत दिसतं, त्यामुळेही गोंधळ होतो. तिथले राष्ट्राध्यक्ष स्वतः सरकार चालवतात, स्वतःचं धोरण सांगतात आणि त्याचं उत्तरही त्यांनाच द्यावं लागतं. आपल्याकडचं पद वेगळं आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी हेच सांगितलं होतं: राष्ट्रपती राष्ट्राचं प्रतिनिधित्व करतात, राष्ट्रावर राज्य करत नाहीत.

म्हणजे तुम्ही दोन निराळ्या गोष्टी ऐकल्यात. मुर्मूताईंचा आवाज ऐकलात, त्याचा अभिमान वाटला. सरकारचं एक वाक्य ऐकलंत, त्याचा त्रास झाला. दोन्ही खरं आहे आणि एकापायी दुसरं सोडायची गरज नाही. आता झोपा बरं.

तुमच्या दिरांचं म्हणणं मला अगदीच टाकून द्यावंसं वाटत नाही. मयूरभंज जिल्ह्यातल्या उपरबेडा गावातली संथाळ मुलगी शिकायला भुवनेश्वरला जाते, सरकारी कचेरीत कारकुनी करते, रायरंगपूरच्या शाळेत शिकवते, १९९७ मध्ये तिथल्या नगर पंचायतीत नगरसेविका होते आणि २०२२ मध्ये राष्ट्रपती. त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे. यंदा भाषण संपल्यावर त्या दमल्या की नाही दमल्या यावरच दिवसभर कालवा चालला होता, तेव्हा मलाही राग आला. जवळजवळ तासभर वाचलेल्या मजकुरातल्या एका वाक्यावर कुणी बोलेना. तुम्ही बोललात. एकेक वाक्य ऐकून त्यातलं एक स्वतःच्या दाराशी ताडून पाहिलंत. भाषणाचा याहून मोठा मान कोणता, ते दिरांनीच सांगावं.

आणि उपरबेड्याचीच एक गोष्ट त्यांना सांगा. २०२२ च्या जूनमध्ये मुर्मूताईंची उमेदवारी जाहीर झाली तेव्हा बातमी आली की त्या गावाच्या डुंगुरशाही नावाच्या वाडीत अजून वीजच नाही. मग धावपळ करून खांब रोवले गेले, रोहित्र बसलं. आता लक्षात घ्या, देशातल्या सगळ्या गावांचं विद्युतीकरण पूर्ण झालं असं सरकारने २८ एप्रिल २०१८ लाच जाहीर केलेलं होतं. मग ते जाहीर करणं खोटं होतं का? सरकारी व्याख्येप्रमाणे नव्हतं. गावातल्या दहा टक्के घरांत आणि शाळा, पंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक जागी वीज पोहोचली की गाव "विद्युतीकृत" धरायचं, अशी ती व्याख्या होती. गावाच्या नावापुढे खूण झाली आणि वाडी अंधारात राहिली. खुद्द राष्ट्रपतींच्या माहेरच्या गावाची ही कथा. तुमचीही वाडीच आहे, बाई.

नळाच्या वाक्याकडे याच नजरेने बघा. जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला सुरू झालं तेव्हा देशातल्या सुमारे १९ कोटी ग्रामीण घरांपैकी ३ कोटी २३ लाख घरांत नळजोडणी होती. २०२५ च्या सुरुवातीला हा आकडा १५ कोटींच्या पुढे गेला होता. ही वाढ खरी आहे आणि लहान नाही. मी मराठवाड्यातल्या अशा बायकांशी बोलले आहे ज्यांच्या डोक्यावरचा हंडा खरोखर उतरला. त्यांच्यापुढे "सगळं कागदावर" असं म्हणायची माझी हिंमत होणार नाही. पण त्या १५ कोटींत तुमचा नळही मोजलेला असणार. तो बसला त्या दिवशी मोजला गेला, नंतर कोरडा पडला तरी वजा झाला नाही.

याच मिशनच्या स्वतःच्या नियमांत जोडणी कशाला म्हणायचं ते लिहिलेलं आहे: माणशी दररोज किमान ५५ लिटर, पिण्यायोग्य, नियमित आणि कायम. तुमच्या घरात तुम्ही, सून, मुलगा गावी आला तर आणखी कितीजण, ते धरा आणि ५५ ने गुणा. शाळेत मुलांना असलीच गणितं घातली असतील तुम्ही. येणारं उत्तर म्हणजे तुमच्या नळातून दररोज यायला हवं ते पाणी. आठवड्यातून दोनदा येत होतं तेव्हासुद्धा तो नळ या व्याख्येत बसत होता का, ते घरी टाकीत किती साठायचं त्यावरून तुम्हीच ठरवा. सरकारचं वाक्य खोडायला तुम्हाला राग लागत नाही, सरकारचीच व्याख्या पुरते.

आता तुमच्या चिरंजीवांकडे येते. "कुणी मनावर घेत नाही" हे चूक आहे. संसद घेते, निदान घ्यायला बांधलेली आहे. अभिभाषणानंतर दोन्ही सभागृहांत आभारप्रस्ताव मांडला जातो, त्यावर चर्चा होते आणि शेवटी पंतप्रधान उत्तर देतात. २०२५ मध्ये ते ४ फेब्रुवारीला लोकसभेत आणि ६ फेब्रुवारीला राज्यसभेत बोलले. या प्रस्तावाला खासदार दुरुस्त्या सुचवतात आणि त्या दुरुस्त्यांचा साचा मला फार आवडतो. राष्ट्रपतींचे आभार मानायचे आणि पुढे जोडायचं: "परंतु अभिभाषणात अमुक गोष्टीचा उल्लेख नाही, याचा खेद वाटतो." बहुतेक दुरुस्त्या पडतात. पण ३ मार्च २०१५ ला राज्यसभेत सीताराम येचुरींची दुरुस्ती मंजूर झाली, उच्च पातळीवरचा भ्रष्टाचार रोखता आला नाही आणि काळा पैसा परत आणता आला नाही त्याबद्दल. पुढच्याच वर्षी गुलाम नबी आझादांची झाली, पंचायत निवडणुकीला शिक्षणाची अट घालून लोकांचा उभं राहण्याचा हक्क काढून घेण्याबद्दल. संदर्भ राजस्थान आणि हरियाणाचा होता. त्याआधी १९८०, १९८९ आणि २००१ मध्येही राज्यसभेने असंच केलं आहे. इंदिराबाईंचं, व्ही. पी. सिंगांचं आणि वाजपेयींचं, अशी तीन वेगवेगळी सरकारं होती ती. त्यात राष्ट्रपतींचा अपमान होत नाही, कारण आभार आणि खेद एकाच वाक्यात बसतात हे संसदेला ठाऊक आहे. तुमच्या दिरांनाही हे सांगून बघा.

आणि भाषणातल्या वाक्यांचं पुढे काय होतं, तर होतंही आणि राहतंही. ४ जून २००९ चं अभिभाषण आपल्या प्रतिभाताई पाटलांनी केलं. जळगावच्या बाई राष्ट्रपतिपदावर, तेव्हा आपणही असेच टीव्हीसमोर अभिमानाने बसलो होतो. महिला आरक्षण विधेयक लवकर मंजूर करण्याचं पाऊल शंभर दिवसांच्या यादीत होतं. विधेयक ९ मार्च २०१० ला राज्यसभेत मंजूर झालं, लोकसभेत अडकलं आणि २०१४ ला ती लोकसभा संपली तशी तेही संपलं. घटनादुरुस्ती झाली सप्टेंबर २०२३ मध्ये, दुसऱ्या सरकारच्या काळात, आणि ती लागू व्हायला आधी जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना व्हावी, अशी अट तिला घातली. शंभर दिवसांची चौदा वर्षं झाली.

पण त्याच भाषणात अन्नसुरक्षेच्या कायद्याचंही वाक्य होतं. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला महिन्याला २५ किलो धान्य, तीन रुपये किलोने. ते वाक्य लोकांनी सोडलं नाही. दारिद्र्यरेषेची यादीच चुकीची आहे, मोठ्या कुटुंबाला २५ किलो कसे पुरतील, असं म्हणत संघटना चार वर्षं भांडत राहिल्या. २०१३ मध्ये कायदा आला तेव्हा कुटुंबामागे २५ किलोच्या जागी माणशी पाच किलो झालं, ग्रामीण भागात ७५ टक्के लोकांपर्यंत ते न्यायचं ठरलं, तांदूळ तीन रुपये आणि गहू दोन रुपये. तुमच्या गावच्या रेशन दुकानात जे माप पडतं त्याचं मूळ अशा एका वाक्यात आहे. मुलाला म्हणावं, ऐकणारे होते म्हणून ते वाक्य वाढलं.

एक गोष्ट मात्र मुलाच्या बाजूने बोलते. नुसतं भाषण ऐकून पुरत नाही, दुसऱ्या दिवशीचं ऐकावं लागतं. २०१७ पासून अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला येतो, म्हणजे २०२५ मध्ये अभिभाषणाच्या लगेच दुसऱ्या दिवशी. जल जीवन मिशनसाठी २०२४-२५ या वर्षाला ७०,१६३ कोटी रुपये ठेवले होते. सुधारित अंदाजात ते २२,६९४ कोटींवर आले. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. २०२५-२६ साठी पुन्हा ६७,००० कोटी ठेवले आणि मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढवली. मूळ मुदत २०२४ होती. आदल्या दिवशीच्या भाषणात झालेलं काम ऐकू येतं, दुसऱ्या दिवशीच्या कागदात राहिलेलं दिसतं. तुम्ही दरवर्षी ऐकताच, तर आता एक वही करा. डाव्या पानावर अभिभाषणातलं वाक्य, उजव्या पानावर त्याच गोष्टीचा अर्थसंकल्पातला आकडा. मुलाला पुण्याहून तेवढा आकडा शोधून द्यायला सांगा. त्याला ते दहा मिनिटांचं काम आहे, आणि आईशी बोलायला विषयही होईल.

आता त्या पत्राचं.

तुमच्या नळाचं पत्र ग्रामसभेचं आहे. इथे एक बारकावा सांगते, तो फार थोड्यांना माहीत असतो. मिशनच्या नोंदीत गाव "हर घर जल" होतं ते दोन पायऱ्यांनी. आधी खातं कळवतं की सगळ्या घरांत जोडण्या झाल्या. त्यानंतर ग्रामसभेने ठराव करायचा असतो की होय, आमच्या प्रत्येक घरात, शाळेत, अंगणवाडीत नळाने पाणी येतं आहे. त्या ग्रामसभेचं चित्रीकरणही चढवायचं असतं. ठराव झाला की गाव प्रमाणित. म्हणजे राष्ट्रपतींच्या भाषणातल्या त्या भल्या मोठ्या आकड्याच्या पार मुळाशी तुमच्या गावच्या लोकांचा हात वर होणं आहे. तुमच्या गावाने तो ठराव केलाय का, ही पहिली गोष्ट शोधून काढा. मिशनच्या संकेतस्थळावर गावागणिक माहिती असते. जिल्हा, तालुका, गाव निवडत गेलं की दिसते. पुतण्याच्या फोनवर बघता येईल. हो, पुतण्याच्याच. त्याच्याकडे पुन्हा येते.

ठराव झालेला नसेल तर सोपं आहे: नळाला पाणी येत नाही तोवर तो होऊ द्यायचा नाही. झालेला असेल तर त्याची प्रत मागा. ग्रामपंचायतीत माहिती अधिकाराचा अर्ज द्या. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. आपल्या राज्याच्या नियमात तसंच आहे. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. ठरावाची तारीख, सभेला किती लोक हजर होते आणि आपली वाडी त्यात धरली होती का, एवढंच विचारा. त्या दिवशी तुम्ही स्वतः सभेला होता का, हेही आठवून बघा. असं होतं कधी कधी की आपणच सही करून आलेलो असतो. तसं निघालं तर लाजू नका, तेही सभेत मोकळेपणाने सांगा. तुमच्यासारख्या बाईने ते सांगितलं की बाकीच्यांना बोलायला धीर येतो.

नंतर नळ कोरडा का पडला ते नीट वेगळं काढा. "पाणी येत नाही" एवढंच बोललं की समोरून "बघतो" येतं आणि सभा संपते. उद्भव आटला का, म्हणजे ज्या विहिरीवरून किंवा बोअरवरून योजना घेतली तिलाच पाणी राहिलं नाही का? पंपाचं वीजबिल थकलंय का? वाडीकडे चढ असल्याने दाब पुरत नाही का? टाकीचं काम अर्धं राहिलंय का? योजना ठेकेदाराकडून ग्रामपंचायतीच्या ताब्यात आली का, की अजून अधांतरी आहे? माणमध्ये उद्भवाचाच प्रश्न असण्याची शक्यता मोठी, पर्जन्यछायेतला तालुका आहे तुमचा. पण अंदाजावर जाऊ नका. प्रत्येक कारणाला जबाबदार वेगळा. वीजबिल असेल तर पंचायत, टाकी अर्धी असेल तर जिल्हा परिषदेचा पाणीपुरवठा विभाग. गावात पाणीपुरवठा समिती असते आणि तिच्यात निम्म्या तरी बायका असाव्यात असं ठरलेलं आहे. त्या कोण, ते विचारा. बऱ्याचदा त्यांना स्वतःलाच माहीत नसतं की आपण समितीत आहोत. तुमच्या सुनेचं नाव निघालं तरी मला नवल वाटणार नाही.

सुनेवरून आठवलं. तुमच्या पत्रात ती एकाच वाक्यात आहे, घागरी आणणारी. भाषण तुम्ही ऐकलंत, पत्र तुम्ही लिहिलंत, वाद दीर आणि पुतण्याशी झाला, आणि पाणी भरणाऱ्या बाईला कुणी काही विचारलंच नाही. तिला विचारा. किती खेपा, किती वेळ, पाठ कधीपासून दुखते. सभेत तिने बोलावं. तुम्ही शेजारी बसा.

एखाद्या प्रश्नाला दिल्लीचं उत्तर हवंच असेल तर त्यालाही वाट आहे. तुमचा तालुका माढा लोकसभा मतदारसंघात येतो. तुमच्या खासदारांना एका पानाचं पत्र द्या आणि त्यांना भाषण मागू नका, प्रश्न मागा: जोडणी होऊनही पाणी बंद पडलेल्या घरांची मोजणी सरकार करतं का, करत असेल तर सातारा जिल्ह्यात अशी किती घरं आहेत? अतारांकित प्रश्नाला मंत्र्यांना लेखी उत्तर द्यावं लागतं. "माहिती गोळा करून सभागृहापुढे ठेवू" असं उत्तर आलं तर ते आश्वासन धरलं जातं आणि तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. त्यावर नजर ठेवणारी समिती दोन्ही सभागृहांत आहे. अभिभाषणातल्या वाक्याला अशी मुदत नसते, मंत्र्यांच्या उत्तराला असते. म्हणून ते वाक्य मंत्र्यांच्या तोंडून काढून घ्यायचं.

आणि राष्ट्रपतींना लिहा, जरूर लिहा, पण एक पान. राष्ट्रपती भवनात येणारी नागरिकांची पत्रं संबंधित खात्याकडे किंवा राज्य सरकारकडे पाठवली जातात. मी स्वतः एकदा मोठ्या पदावरच्या व्यक्तीला लिहिलं होतं, तेव्हा "आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी पाठविण्यात आले आहे" असा दोन ओळींचा कागद आला आणि मी खट्टू झाले होते. आता वाटतं, ते पत्र त्या दोन ओळींसाठी नव्हतंच. तुमचंही नाही. एक शिक्षिका दुसऱ्या शिक्षिकेला लिहिते आहे. संसदेचा तोच साचा वापरा: आपलं भाषण मी पूर्ण ऐकलं, आपण त्या जागी आहात याचा मला आनंद आहे, आपले आभार, परंतु बसवलेल्या किती नळांना आज पाणी येतं याचा त्यात उल्लेख नव्हता, याचा मला खेद वाटतो. खाली सही, गाव, तालुका. करडाची गोष्ट राहू द्या पत्रात, ती काढू नका.

राहिला पुतण्या. ग्रुपवर उत्तर देऊ नका. तिथे तो पक्षाच्या लोकांसमोर बोलत असतो, तुमच्याशी बोलत नसतो. घरी बोलवा, जेवायला वाढा आणि महिला आरक्षणाची चौदा वर्षांची गोष्ट सांगा. ती त्याच्या विरोधी पक्षाच्या सरकारपासून सुरू होते, म्हणून तो ऐकून घेईल. मग म्हणा, तुझ्या सरकारने राष्ट्रपतींच्या तोंडून सांगितलंय की पाणी आलं. तुझ्या सरकारचं वाक्य आपल्या वाडीत खरं व्हावं असं तुला वाटत असेल तर माझ्याबरोबर ग्रामसभेला चल. पक्षाचं काम करणारा पोरगा आहे, त्याची पंचायत समितीत ओळख असणार, ग्रामसेवक त्याचा फोन उचलत असणार. काकूला कुणी भरवलं ते शोधण्यापेक्षा हे काम त्याला जास्त जमेल. नाही आला तर नाही. पण विचारायचं नक्की, कारण त्याच्याही घरी पाणी त्याच विहिरीवरून येतं.

पुढची ग्रामसभा १ मेला. तिच्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, तसा आपल्याकडे कायदाच आहे. तिथे झालेलं बोलणं मोठ्या सभेपुढे जातं. तुमच्या गावात ती खरोखर भरते की नुसती वहीत भरते ते मला माहीत नाही. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात पंचायतीच्या फलकावर तारीख लागते का बघा. लागली नाही, तर आधी जाऊन तेवढंच विचारून या, आणि एकट्या जाऊ नका, सुनेला आणि विहिरीवर भेटतात त्या चार बायकांना घेऊन जा.